सरकी

वैशाखी अमावस्या. लासूरच्या पुढे, जिथे डांबर संपतं
आणि सातपुडा नुसता काळ्यावर काळा उरतो,
तिथल्या खळ्यावर दुर्बीण उतरवली.
आरसा दिवसभर टेम्पोत तापलेला;
अकरापर्यंत तारे उकळत राहिले.
हिलालआप्पा त्याला टॉवेलनं वारा घालत बसले,
जिनातल्या तापल्या बेअरिंगला घालायचे तसा.

हिलाल म्हणजे चंद्रकोर,
हे त्यांना एकसष्टाव्या वर्षी मी सांगितलं.
"मंग आज मी येवाले नको व्हतं," म्हणाले.

दुर्बीण फिरते ती त्यांच्याच जुगाडावर,
धरणगावच्या जिनातून भंगारात निघालेलं लोखंड.
म्हणून पहिली नजर त्यांची, असा करार.
त्यांनी पाहिलं. "काहीच दिखत नही."

एबेल एकोणचाळीस. शौरीत, उत्तर मुकुटाच्या कडेला,
आत्ता बरोबर डोक्यावर,
जिथे वळायला दुर्बीण कुरकुरते.
ग्रहीय तेजोमेघ म्हणतात; ग्रहाशी नातं
आडनाव सारखं असण्याइतकंच.
कधीकाळी कुणाला अशा मेघांत चकती दिसली, नाव पडलं,
पडलं ते पडलं.

दोन उन्हाळे शोधतेय. वहीत नोंदी:
नाही. नाही. ढग. नाही.
बहुतेक (आणि त्यावर काट).
मच्छर.

आज फिल्टर आहे, जवळजवळ एकच हिरवा आत सोडणारा,
ऑक्सिजनचा तो हिरवा,
जो उमटायला इतकी मोकळी जागा लागते
की एका अणूला दुसऱ्याचा धक्का
कितीतरी वेळ लागू नये.
आपल्या बाजारपेठेत तो शक्य नाही.

सरळ पाहिलं की नाही.
नजर शेजारच्या ताऱ्यावर ठेवायची
आणि लक्ष इकडे,
मांडवात व्याह्यांशी बोलता बोलता
पंगतीवर ठेवतात तसं.

मग होता.
गोल. संशय यावा इतका गोल.
श्वास सोडला, गेला.
नळीला टिचकी मारली, आला.

आप्पा पुन्हा वाकले. टिचकी मारली.
खोकला दाबून धरलेला ऐकू येत होता.
"रुई," म्हणाले. "उडेल रुई."
आणि लगेच, फिटरच्या आवाजात:
"सरकी कोठे शे?"

मी सांगू लागले.
सूर्यासारखाच होता एक. उतारवयात फुगला, लाल झाला,
अंगावरचं अंगावर धरवेना,
थराथरानं सुटत गेलं.
उरला गाभा, पृथ्वीएवढा, भयंकर तापलेला,
आणि त्यानंच आपली सुटलेली रुई उजळली.
वीसेक हजार वर्षं झाली असतील.
अजून पसरतेय, सेकंदाला तीस-पस्तीस किलोमीटर,
दर वर्षी थोडी पातळ,
आणि सरकी निवत चाललीय.
पुढे कधीतरी तिरक्या नजरेलाही काही नाही.
मग मी म्हटलं, बोंडासारखंच की, आप्पा.

"बोंड फुटनं म्हंजे मरनं नही," ते म्हणाले,
आणि विषय तिथेच सोडला.

सरकी माझ्या आरशाच्या आवाक्याबाहेर.
मोठ्या दुर्बिणींना दिसते, पण बरोबर मध्यात नाही,
केसभर बाजूला सरकलेली.
का, ते मला सांगता येईना.
आप्पांनी मात्र क्षणभरही विचार केला नाही:
"शाफ्ट हालेल व्हई."

तेवढ्यात उबळ आलीच.
एकतीस हंगाम नाकातोंडात गेलेली रुई.
मी सांगणार होते की आपल्या अंगातला पुष्कळसा कार्बन
असाच कुणा म्हाताऱ्या ताऱ्यानं सोडलेला.
पाण्याची बाटली दिली.

पहाटे टेम्पोच्या दिव्यात वही उघडली.
बारा चाळीस. दिसला.
साक्षीदार म्हणून त्यांनी सही केली,
हिलाल राजधर माळी,
पेन घट्ट धरून, पगाराच्या रजिस्टरवर करायचे तशी.
मग वही परत मागून घेतली
आणि सहीखाली एक छोटा गोल काढला,
आत ठिपका,
मधोमध नाही.